‘तात्पुरता’ जनरेटर, दिवस चोविसावा

(चर्चेचा धागा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

जिन्याखालचा मीटर

जमिनीखालची केबल बिघडल्यामुळे आमच्या वसाहतीचा वीजपुरवठा खंडित होऊन आज सव्वीस दिवस झाले. पहिले दोन दिवस अंधारात गेले आणि तिसऱ्या दिवशी पहाटे ट्रेलरवर लादलेला 160 केव्हीए क्षमतेचा डिझेल जनरेटर रोहित्राशेजारी (ट्रान्सफॉर्मरशेजारी) आणून उभा करण्यात आला. त्या दिवशी आम्हा सर्वांना हायसे वाटले होते, हे आधीच कबूल करते. ‘तीन-चार दिवसांची तात्पुरती सोय आहे’ असे सांगण्यात आले होते आणि त्यावर अविश्वास दाखवावा असे तेव्हा काही घडलेही नव्हते.

जनरेटरच्या पॅनेलवर, लाल बटणाच्या खाली, यंत्र किती तास चालले ते दाखवणारा एक छोटा मापक असतो. पहिल्या दिवशी मी त्यावरचा आकडा सहज टिपून ठेवला होता: 4,812. आज पहाटे तो 5,244 होता. सहा तास चालू आणि दोन तास बंद असे वेळापत्रक असल्यामुळे दिवसाला अठरा तास होतात आणि 432 तासांचा हिशेब बरोबर चोवीस दिवसांवर येतो. माझ्याकडे पुरावा म्हणावा असा हा एवढाच कागद आहे.

माझी तक्रार अंधाराबद्दल नाही, ‘तात्पुरता’ या शब्दाबद्दल आहे. जनरेटर जोडला त्याच दिवशी आमच्या तक्रार क्रमांकासमोर ‘पुरवठा पूर्ववत’ असा शेरा पडला. घरात दिवा लागतो आहे, एवढे त्या रकान्याला पुरते. तो कशावर लागतो, हे तिथे कुणी विचारत नाही. जनरेटर आला तेव्हा केबलच्या खड्ड्याजवळ आठ माणसे काम करत होती. दुसऱ्या आठवड्यात ती तीन झाली आणि गेल्या सोमवारपासून खड्ड्याभोवती केवळ पिवळी पट्टी आणि तळाशी साचलेले पाणी आहे. जनरेटरमुळे आमची गैरसोय निम्म्याने कमी झाली असेल, परंतु दुरुस्तीची घाई मात्र पूर्णपणे संपली, असे माझे ठाम मत झाले आहे.

ज्यांनी यापूर्वी असे दिवस काढले आहेत, त्यांनी काय केले ते कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त अभियंता

ताई, तुम्ही तासांची नोंद ठेवलीत हे फार चांगले केले. बहुतेक रहिवासी दिवस मोजतात. यंत्र मात्र तास मोजते आणि यंत्राचे म्हणणे खोडून काढणे कठीण असते.

आता त्याच जनरेटरच्या बाजूला रिव्हेटने ठोकलेली पाटी पाहा. तिथे केव्हीएचा आकडा ‘स्टँडबाय’ (आणीबाणीपुरती क्षमता) म्हणून दिला आहे की ‘प्राइम’ (नियमित वापराची क्षमता) म्हणून, ते वाचा. आयएसओ 8528 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार आणीबाणीच्या स्टँडबाय क्षमतेचा जनरेटर वर्षाकाठी 200 तासांपर्यंत चालेल असे धरलेले असते. प्राइम क्षमतेच्या यंत्राला तासांची अशी मर्यादा नसते, मात्र चोवीस तासांतील सरासरी भार त्या क्षमतेच्या 70 टक्क्यांच्या आत राहावा लागतो. तुमच्याकडे स्टँडबाय क्षमतेचे यंत्र पाठवले असेल, तर त्याने वर्षभराचा वाटा दोनदा संपवला आहे. याखेरीज अशा इंजिनांचे तेल आणि फिल्टर साधारण दर 250 तासांनी बदलावे लागतात. चोवीस दिवसांत एकदाही तेल बदलायला कोणी आले नसेल, तर ‘दुरुस्ती कधी होणार’ या प्रश्नाच्या आधी ‘हे यंत्र बंद पडले तर पुढे काय’ हा प्रश्न लेखी विचारा.

सहा तासांनंतर दोन तासांच्या ‘विश्रांती’बद्दलही लिहितो, कारण त्याविषयी बरेच गैरसमज आहेत. डिझेल इंजिन माणसासारखे थकत नाही. शीतक, तेल आणि भार यांचे नीट पाहिले तर ते दिवसेंदिवस सलग चालते. दोन तासांच्या बंदचे खरे कारण बहुतेक वेळा इंधनाची बचत किंवा चालकाची पाळी हे असते. एका युनिटमागे पाव लिटरहून थोडे अधिक डिझेल लागते. 160 केव्हीए म्हणजे 0.8 पॉवर फॅक्टरला (क्षमतेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) 128 किलोवॅट. त्याच्या 70 टक्के भार धरला तरी तासाला सुमारे चोवीस लिटर आणि अठरा तासांत सव्वाचारशे लिटरच्या वर डिझेल जळते. हा खर्च कुणाच्या खाती पडतो आहे ते विचारा, म्हणजे दुरुस्तीची घाई कुणाला असायला हवी हेही कळेल.

मधला मजला

आमच्याकडे गेल्या वर्षी असाच प्रकार झाला होता. 128 किलोवॅट हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, परंतु आपसांतील भांडणे तिथूनच सुरू होतात. शंभराच्या आसपास घरे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम सव्वा किलोवॅट येतो. पाणी तापवण्याचा एक हीटर दोन किलोवॅटचा असतो. सकाळी सात वाजता आठ घरांनी हीटर लावले की जनरेटर काळ्या धुराचा लोट सोडायचा, दिवे मंद व्हायचे आणि ब्रेकर पडायचा. मग जिन्यात ‘कुणी लावला?’ ही चौकशी सुरू व्हायची. वर्षानुवर्षे शेजारी राहणारी माणसे एकमेकांच्या बाथरूमच्या खिडकीतली वाफ पाहू लागली होती, यापेक्षा अधिक काय सांगू?

निवृत्त अभियंता

तुमच्या अनुभवातली एक गोष्ट सर्वांनी लक्षात घेण्यासारखी आहे. 128 किलोवॅट ही तीन फेजची (वीज आणणाऱ्या तीन वेगळ्या तारांची) बेरीज आहे; एका फेजवर 43 किलोवॅटही नसतात. हीटर लावणारी आठही घरे योगायोगाने एकाच फेजवर असतील, तर एकूण भार निम्मा असतानाही ब्रेकर पडू शकतो. त्यामुळे कोणते घर कोणत्या फेजवर आहे याची यादी करून वापराच्या वेळा ठरवल्या, तर भांडणे बरीच कमी होतात.

त्याहून गंभीर बाब न्यूट्रलची, म्हणजे तिन्ही फेजच्या सामाईक परतीच्या तारेची आहे. घाईने ओढलेल्या तात्पुरत्या केबलचा न्यूट्रल सैल असेल किंवा तुटला, तर कमी भाराच्या फेजवरील घरांत 230 व्होल्टच्या जागी तीनशेच्या वर व्होल्टेज जाऊ शकते. एका खोलीतला दिवा अचानक नेहमीपेक्षा पांढराशुभ्र झाला आणि शेजारच्या घरातला मंद पडला, तर क्षणाचाही विचार न करता मुख्य स्विच खाली पाडावा. त्या दहा-पंधरा सेकंदांत फ्रीज, टीव्ही आणि चार्जर जळतात.

स्पष्टच सांगतो

सर्वांची माफी मागून वेगळे मत मांडतो. आमच्या बाजूला नऊ दिवस वीज नव्हती आणि जनरेटरही नव्हता. पंप बंद असल्यामुळे चौथ्या मजल्यापर्यंत बादल्या वाहिल्या. माझ्या आईला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. पाच लिटरचे ते यंत्र तीन-साडेतीनशे वॅट सतत ओढते आणि घरचा इन्व्हर्टर त्यावर रात्र काढू शकत नाही. सिलिंडर संपण्याच्या आत दुसरा मिळेल की नाही, या विवंचनेत आम्ही ते नऊ दिवस घालवले. त्यामुळे अठरा तास वीज मिळत असताना ‘तात्पुरता’ या शब्दावर एवढा खल करणाऱ्यांचा मला थोडा राग येतो. आवाज होतो, धूर होतो, हे मान्य आहे. परंतु ज्याच्या घरी रुग्ण आहे त्याला तो आवाज गोड लागतो.

जिन्याखालचा मीटर

तुमचा राग मला समजतो आणि तुमच्या आईंच्या बाबतीत जे घडले ते कुणाच्याही वाट्याला येऊ नये. जनरेटर हटवा असे मी कुठेही म्हटलेले नाही. आमच्या इमारतीतही इन्शुलिन घेणारे दोघे आहेत. फ्रीजचे दार बंद ठेवले तर चार तासांपर्यंत आतला गारवा टिकतो, त्यामुळे दोन तासांचा बंद त्यांना चालून जातो; जनरेटर नसता तर चालला नसता. मात्र ज्या यंत्रावर तुमच्या आईंसारख्या रुग्णाचा श्वास अवलंबून राहतो, ते यंत्र वर्षाची मर्यादा दोनदा ओलांडून कुणाच्याही देखरेखीविना चालत असेल, तर त्याला आपण ‘सोय’ म्हणायचे का, एवढाच माझा प्रश्न आहे.

खिडकीलगत

जनरेटर माझ्या झोपण्याच्या खोलीपासून आठ मीटरवर आहे. (मी ताईंच्याच वसाहतीत, बी विंगच्या तळमजल्यावर राहतो.) त्यामुळे मला या विषयावर थोडे अधिक लिहू द्यावे.

या यंत्रावर ध्वनिरोधक आवरण आहे आणि त्यावर ‘सायलेंट’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. दिवसा ते खरेही वाटते. रात्री मात्र कळते की आवरण कर्कश आवाज अडवते आणि खर्ज तसाच सोडते. मी थोडा हिशेब केला. सहा सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला 1,500 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला पंचवीस फेरे आणि प्रत्येक फेऱ्यात तीन स्फोट. 75 हर्ट्झचा एक अखंड घुमारा तयार होतो. हा घुमारा कानांपेक्षा छातीत जास्त जाणवतो. खिडकीच्या काचेवर तळहात टेकवला की तिची थरथर थांबते आणि हात उचलला की पुन्हा सुरू होते. पहिल्या आठवड्यात मी रात्री उठून हे कितीदा केले असेल, सांगता येणार नाही. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो, असे नियम सांगतो. पण दोन इमारतींच्या मधल्या बोळात मोकळी जागा कुठली? भिंती तो आवाज एकमेकींकडे फेकत राहतात.

आता विचित्र भाग असा की जनरेटर चालू असताना मी झोपू लागलो आहे आणि पहाटे दोन वाजता तो बंद पडला की दचकून जागा होतो. त्यानंतरचे दोन तास शांतता असते आणि मी त्या शांततेत तो पुन्हा कधी सुरू होणार याची वाट पाहत पडून राहतो.

धुराबद्दल सांगायचे तर दोरीवर वाळत घातलेल्या चादरीच्या घडीवर बोट फिरवले की काजळी येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून 2012 मध्ये डिझेलच्या धुराला मानवात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकले. चार दिवसांसाठी कुणी तक्रार केली नसती. परंतु चोवीस दिवस खिडकी बंद ठेवून उकाड्यात राहायचे की उघडून धूर घ्यायचा, ही निवड रोज संध्याकाळी करावी लागते आणि ती आमच्या रांगेतल्या सहा घरांनाच करावी लागते. प्रकाश मात्र सर्व शहाण्णव घरांत समान पडतो. निदान धुराड्याचे तोंड छताच्या वर न्यावे, अशी मागणी मी दोनदा केली. ‘चार दिवसांसाठी कुठे पाईप चढवत बसायचे’ हे उत्तर मला दहाव्या दिवशी मिळाले आणि विसाव्या दिवशीही तेच मिळाले.

रात्रपाळी

‘खिडकीलगत’ यांच्या प्रतिसादानंतर माझा प्रश्न किरकोळ वाटेल. त्या दोन तासांच्या बंदमध्ये आमच्या मजल्यावरील एका गृहस्थांनी छोटा पेट्रोल जनरेटर बाल्कनीत लावला आहे आणि त्याची वायर घरातल्या प्लगमध्ये उलटी जोडली आहे. त्यामुळे घरातले सर्व दिवे लागतात, असे ते कौतुकाने सांगतात. हे सुरक्षित आहे का?

केबलवाला

सुरक्षित तर नाहीच, आणि ही बाब अजिबात किरकोळ नाही. मी स्वतः केबल जोडणीचे काम करतो, म्हणून कळकळीने लिहितो. मुख्य स्विच न पाडता उलटी जोडलेली वायर घरातली वीज रस्त्यावरच्या लाईनमध्ये ढकलते. तिथे रोहित्र असेल तर ते उलट्या दिशेनेही काम करते, 230 व्होल्टचे हजारो व्होल्ट करते, आणि ‘लाईन बंद आहे’ या समजुतीने हात लावणाऱ्या माझ्यासारख्या माणसाचा जीव जातो. आम्ही काम सुरू करण्यापूर्वी लाईन तपासून ती जमिनीला जोडतो (अर्थिंग करतो) ते याच भीतीपोटी. शिवाय बाल्कनीतला धूर खोलीत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. असे यंत्र दारे-खिडक्यांपासून निदान सहा मीटर दूर, उघड्यावरच हवे आणि घराला जोडायचे तर चेंजओव्हर स्विच (एका वेळी एकच पुरवठा जोडू देणारा) लावूनच जोडायला हवे. त्या गृहस्थांना आज रात्रीच समजवा.

आता मूळ धाग्याबद्दल. जमिनीखालच्या केबलचा दोष दिसत नाही, तो शोधावा लागतो. आधी केबलमध्ये स्पंद सोडून तो किती अंतरावरून परततो ते मोजायचे, मग उच्च दाबाचे झटके देत जमिनीवर कान लावून ‘धप्’ असा आवाज नेमका कुठून येतो ते ऐकायचे. जागा सापडली की रस्ता खोदण्याची परवानगी. खड्डा झाला की ओलावा. ओल्या केबलवर जॉइंट केला तर तो महिनाभरही टिकत नाही, म्हणून कोरडे इन्सुलेशन लागेपर्यंत केबल कापत मागे जावे लागते. एवढे करून जॉइंट झाला की चाचणीचा दाब द्यायचा, आणि जुन्या केबलमध्ये तेव्हाच चाळीस मीटर पुढची दुसरी कमकुवत जागा फुटते. मग पुन्हा पहिल्यापासून. माझ्यासमोर एका केबलवर असे चार वेळा झाले आहे, त्यामुळे सर्व विलंब आळसातून होतो असे कृपया समजू नये.

तरीही ताईंचे म्हणणे मी खोटे ठरवू शकत नाही. सकाळी कामाचे वाटप होते तेव्हा ज्या भागात पूर्ण अंधार आहे तिकडे आधी माणसे जातात. ‘तिथे जनरेटर आहे ना, मग ते थांबतील’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे आणि एक-दोनदा स्वतःही उच्चारले आहे. तुमच्या खड्ड्यात पाणी साचले असेल, तर तो खड्डा किमान आठवडाभर कुणी हाताळलेला नाही, एवढे मी न पाहताही सांगू शकतो.

निवृत्त अभियंता

‘केबलवाला’ यांनी जे प्रांजळपणे लिहिले आहे, त्यामागे एक आकडाही आहे. पुरवठ्याची विश्वसनीयता जगभर प्रामुख्याने ‘सैडी’ या निर्देशांकाने मोजतात: सर्व ग्राहकांनी वर्षात मिळून सोसलेली खंडित मिनिटे भागिले एकूण ग्राहक. समजा वितरण क्षेत्रात दोन लाख ग्राहक आहेत आणि त्यांतली शहाण्णव घरे सव्वीस दिवस विजेविना आहेत. सव्वीस दिवसांची 37,440 मिनिटे होतात. त्यांना शहाण्णवने गुणून दोन लाखांनी भागले, तर वर्षाच्या सरासरीत जेमतेम अठरा मिनिटांची भर पडते. आता तिसऱ्या दिवशी जनरेटर जोडताक्षणी घड्याळ थांबवले असे धरा. मग मोजायचे दोनच दिवस उरतात आणि भर पडते ती दीड मिनिटाहूनही कमी. शिवाय मोठ्या वादळासारखे असाधारण दिवस वेगळे काढण्याची मुभा आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या 1366 या मानकात आहेच.

ताईंच्या चोवीस दिवसांचे काय झाले, याचे उत्तर या भागाकारात आहे. म्हणून पत्रात ‘आमचे हाल होत आहेत’ असे लिहू नका. ते सर्वच लिहितात. ‘मुख्य वाहिनीवरील पुरवठा अमुक तारखेपासून खंडित असून जनरेटरवरील तास खंडित काळातच मोजावेत’ असे लिहा, मापकाचे छायाचित्र जोडा आणि जनरेटर काढण्याची तारीख लेखी मागा.

मधला मजला

तात्पुरत्या गोष्टी किती दिवस राहू शकतात याची दोन टोके वाचनात आली होती, ती नोंदवतो. जानेवारी-फेब्रुवारी 1998 मध्ये न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या मध्यवर्ती भागाला वीज देणाऱ्या चारही 110 केव्ही (किलोव्होल्ट) केबल काही आठवड्यांच्या आत एकामागून एक निकामी झाल्या आणि तो भाग सुमारे पाच आठवडे बराचसा जनरेटरवर चालला. तोवर तातडीने एक ओव्हरहेड वाहिनी उभारण्यात आली. तिथे जनरेटर आणि दुरुस्ती यांच्यात शर्यत लागली होती. दुसरे टोक लेबनॉनचे. 1975 ते 1990 च्या यादवी युद्धात गल्लोगल्ली आलेले खासगी जनरेटर युद्ध संपल्यावरही गेले नाहीत. लोक पाच अँपिअर, दहा अँपिअर अशा हिशेबाने दरमहा जोडणी घेत राहिले आणि 2018 मध्ये सरकारला या जनरेटर-जोडण्यांवर मीटर बसवण्याचा आदेश काढावा लागला. मीटर बसला की गोष्ट तात्पुरती कुठली राहते? तेव्हा ताई, तुमच्या जनरेटरभोवती कुणी सिमेंटचा ओटा बांधायला आले, तर आधी त्यांना थांबवा.

स्पष्टच सांगतो

मी आधी रागाने लिहिले होते. निवृत्त अभियंत्यांचा भागाकार मी कागदावर दोनदा करून पाहिला. आमचे नऊ दिवस त्या सरासरीत सहा मिनिटांहून थोडे अधिक भरतात. पत्राचा मसुदा तयार झाला की मलाही पाठवावा. आमच्या केबलवर त्यानंतर कायमची दुरुस्ती झाली की नाही, हे मी आजवर विचारलेच नव्हते.

जिन्याखालचा मीटर

चार दिवसांनी पुन्हा लिहिते आहे. शहाण्णवपैकी एक्क्याण्णव घरांच्या सह्यांचे पत्र मापकाच्या छायाचित्रांसह दिले. दुसऱ्या दिवशी खड्ड्यातले पाणी उपसले गेले आणि सहा माणसे आली. पत्रामुळे आली की त्यांची पाळीच लागली होती, हे मला सांगता येत नाही. ‘केबलवाला’ यांनी वर्तवल्याप्रमाणे पहिला जॉइंट झाल्यावर चाचणीत केबल पुढे आणखी एका जागी फुटली, परंतु या वेळी माणसे परत गेली नाहीत; दिवे लावून त्यांनी रात्रीच दुसरा खड्डा घेतला.

काल पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी मुख्य वाहिनीवरून वीज आली. तासाभराने कळले की पंप चालतो आहे, पण टाकीत पाणी चढत नाही. जोडणी करताना दोन फेजची अदलाबदल झाली होती आणि मोटार उलटी फिरत होती. ते दुरुस्त व्हायला सकाळचे नऊ वाजले. ‘खिडकीलगत’ यांना अजून झोप लागत नाही, असे ते काल जिन्यात म्हणाले.

जनरेटर तिथेच उभा आहे. मापकावर 5,309 हा आकडा आहे. एकूण 497 तास झाले. ट्रेलर दोन-तीन दिवसांत घेऊन जाऊ, असे सांगण्यात आले आहे. ते मी तारखेसह लिहून घेतले आहे.